फुलं भरपूर, टोमॅटो एकही नाही: कोकणातल्या परसबागेतली फूलगळ

पावसाळा सरला की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येऊ लागतो. झाड कमरेच्या वर गेलंय, पानं काळीभोर, पिवळ्या फुलांचे घोस लटकतायत, आणि सकाळी बघावं तर बुंध्याशी फुलांचा सडा. फळ एकही नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: "आता कुठलं खत घालू?"

माझं उत्तर दरवेळी तेच असतं. खत घालू नका. किनारपट्टीवर टोमॅटोची फुलं गळतात ती बहुतेक वेळा हवेमुळे. रात्र गरम असते आणि हवेत ओल असते. त्यातून जे काही राहतं ते सावलीमुळे आणि आपणच ओतलेल्या जास्तीच्या खतामुळे. घरच्या माणसाने विहिरीचं पाणी बादलीने वाहून वाढवलेलं झाड रिकामं राहिलं की जीव हळहळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी गळलेलं फूल उचलून बघा

टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मध्यावर एक बारीक गाठ असते. झाड स्वतःहून फूल सोडतं ते नेमकं त्या गाठीवर. आधी गाठीपासून फुलापर्यंतचा देठ पिवळा पडतो, मग नुसतं बोट लागलं तरी फूल हातात येतं. खाली पडलेली चार-पाच फुलं तळहातावर घेऊन बघा. देठ गाठीवर स्वच्छ सुटलेला दिसला, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. देठ चिरडलेला, ओरबाडलेला किंवा कुरतडलेला असेल, तर ते काम माकडांचं, उंदरांचं नाहीतर गोगलगायींचं. त्याला जाळी आणि राखण हाच उपाय, फवारणीने काही होणार नाही.

तिसरा प्रकार असा: फूल गळत नाही, पाकळ्या वाळतात, मागे हिरवा मणी दिसतो, आणि तो तसाच वाटाण्याएवढा राहतो. तिथे परागीभवन झालंय, पण अर्धवट. फळात बिया कमी धरल्या की फळ वाढत नाही. त्याचं मूळही बहुधा फूलगळीचंच असतं, त्यामुळे उपायही तेच.

रात्रीचा उकाडा

टोमॅटोला फळ धरायला रात्रीचं तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस लागतं. ते २१-२२ च्या वर राहू लागलं की गळ वाढते, आणि २५ च्या पुढे नेहमीच्या जाती जवळजवळ फळ धरत नाहीत. दिवसा ३२ ते ३५ च्या वर पारा गेला तरी तेच. आता आपल्याकडचा हिशेब बघा. रत्नागिरीत मे महिन्यात रात्रीचा पारा २५-२६ च्या खाली क्वचितच येतो. पावसाळ्यात तो २४ च्या आसपास रेंगाळतो. जानेवारीत मात्र तो १८-१९ पर्यंत उतरतो. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला टोमॅटोसाठी मिळणारा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच. दापोलीसारख्या उंचावरच्या गावांना आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्याला थोडा जास्त मिळतो, कारण तिथली रात्र लवकर गार होते.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे ढीग बघून घाटावरून रोपं आणणारे बरेच जण आहेत. तिथलं रोप वाईट नसतं. पण पुण्याकडे जानेवारीची रात्र ११-१२ अंशांपर्यंत उतरते, आणि ती गार रात्र काही रोपाबरोबर एसटीतून खाली येत नाही. घाटावरचं वेळापत्रक तसंच उचललं की इथे फुलोरा चुकीच्या महिन्यात येतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. परागकण फुलाच्या कळीत तयार होतात ते फूल उमलण्याच्या साधारण आठ ते तेरा दिवस आधी. त्या दिवसांत उकाडा झाला तर परागकण पोकळ निघतात. म्हणून आज हवा छान आहे आणि तरी फुलं गळतायत, असं होतं. कारण गेल्या आठवड्यातल्या गरम रात्रींचं असतं. अशा वेळी घाबरून औषधं मारायची नाहीत. आज गारव्यात तयार होणाऱ्या कळ्या आठ-दहा दिवसांनी उमलतील, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं.

म्हणून वेळापत्रक मागून मोजावं. दसऱ्याच्या सुमारास बी टाकावं, तेही पडवीत किंवा वळचणीच्या आत, कारण परतीचा पाऊस कोवळी रोपं झोडपून काढतो. पंचवीस-तीस दिवसांचं रोप तुळशीच्या लग्नाच्या आसपास जमिनीत जावं. मग पहिला फुलोरा मार्गशीर्षात येतो, रात्री गार व्हायला लागलेल्या असतात, आणि फूल धरल्यापासून दीड-दोन महिन्यांनी, माघात, तोडा सुरू होतो. गणपतीत रोपं लावणाऱ्यांचा फुलोरा ऑक्टोबरच्या उकाड्यात सापडतो. त्यांची झाडं मोठी दिसतात, टोमॅटो मात्र मागून लावलेल्यांनाच आधी मिळतात.

जागेचाही रात्रीशी संबंध आहे. चिऱ्याची पश्चिमेकडची भिंत आणि स्लॅबची गच्ची दिवसभर ऊन पितात आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात. कुंड्या भिंतीला टेकवून ठेवल्या असतील तर तीन-चार फूट पुढे ओढा. गच्चीवर कुंडीखाली विटा किंवा फळी द्या, म्हणजे स्लॅबची धग थेट मुळांना लागणार नाही.

मतलई वारा आणि खारा वारा

आता मुख्य मुद्दा. गार रात्र मिळूनही फुलं गळत असतील तर बहुधा पराग हलत नसतो.

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. मधला पिवळा सुळका म्हणजे एकमेकांना चिकटलेले परागकोश, आणि स्त्रीकेसराचं टोक त्याच्या आत असतं. पराग या सुळक्याच्या आतल्या बाजूला सुटतो. फूल थरथरलं की तो खाली टोकावर पडतो. एवढंच घडायचं असतं. पण हवा दमट असेल तर परागकण एकमेकांना धरून बसतात, ओली रांगोळी चिमटीतून सुटत नाही तसे. साधारण ४० ते ७० टक्के आर्द्रतेत पराग मोकळा पडतो. त्याहून फार दमट हवेत तो चिकटतो, फार कोरड्या हवेत स्त्रीकेसराचं टोक सुकतं.

टोमॅटोच्या फुलात मध नसतो, त्यामुळे सातेरी मधमाशी त्याच्याकडे फारशी वळत नाही, आणि वळली तरी तिला फूल थरथरवता येत नाही. ते काम करतात काळे भुंगे आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या एकट्या राहणाऱ्या माश्या. त्या फुलाला पायांनी धरून लटकतात आणि पंख न हलवता अंग थरथरवतात. त्या वेळचा गूं आवाज एकदा ऐकला की ओळखू येतो. जुन्या वाशाला भोक पाडतो म्हणून भुंग्याला मारू नका. मागीलदारी एखादा वाळका ओंडका किंवा पोकळ बांबू त्याच्यासाठी पडू द्या. सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, उघड्या बागांत वारा बराचसा भार उचलतो, पण माडापोफळींच्या दाटीत वारा पोचतच नाही. तिथे हाताने करावं लागतं.

आणि हाताने करायचं तर वेळ साधावी लागते. हिवाळ्यात किनाऱ्यावर पहाटे दव पडतं. सात वाजता फूल ओलं असतं, तेव्हा कितीही हलवा, उपयोग नाही. त्याच वेळी घाटाकडून मतलई वारा वाहत असतो. तो जमिनीवरून येतो, म्हणून कोरडा. ऊन वर आलं की त्याच्या जोरावर दव उडतं आणि हवा सुकत जाते. मग साधारण अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि ओल परत येते. आपल्याला हवी ती वेळ या दोघांच्या मधली: साडेनऊपासून खारा वारा लागेपर्यंत. रोज घड्याळ बघायची गरज नाही. माडाच्या झावळ्या कुठल्या बाजूला झुकतायत ते बघा. पश्चिमेचा वारा सुरू झाला म्हणजे त्या दिवसाची वेळ टळली.

वेळ बरोबर आहे का, हे तपासायची एक सोपी रीत सांगतो. मोबाइल बंद करून त्याची काळी काच पूर्ण उमललेल्या फुलाखाली, अगदी जवळ धरा. पूर्ण उमललेलं म्हणजे पाकळ्या मागे वळलेल्या आणि सुळका सगळा उघडा. आता बोटाने देठाला मागून हलकी टिचकी मारा. काचेवर फिकट पिवळी भुकटी उतरली तर पराग सुटतोय, लगेच सगळ्या झाडांवर काम उरका. काही पडलं नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा बघा. दुपारपर्यंत चारदा बघूनही भुकटी दिसली नाही आणि असं सलग काही दिवस चाललं, तर पराग तयारच होत नाहीये. म्हणजे वर सांगितलेला रात्रीचा उकाडा, नाहीतर पुढे येणारी सावली.

हलवायची पद्धत ज्याची त्याने ठरवावी. बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश असेल तर उत्तम. त्याची मागची बाजू फुलाच्या देठाला एक-दोन सेकंद टेकवायची. फुलाला लावायची नाही, सुळका दुखावतो. ब्रश नसेल तर टिचकी पुरते. झाडं सुतळीने वर बांधलेली असतील तर सुतळीला बोटाने छेड दिली की सगळा घोस एकदम थरथरतो, आणि पाच-पंचवीस झाडं असली तर हेच बरं. फूल दोन-तीन दिवस कामाचं असतं, म्हणून एक दिवसाआड केलं तरी चालतं. रोज केलं तर कुठलंच फूल सुटत नाही. त्या वेळेत पाणी फुलांवर उडवायचं नाही, फवारणी करायची नाही. पाणी बुंध्याला, आणि फवारायचं असेल तर संध्याकाळी.

लागवड करताना जागा निवडायची मुभा असेल तर घराच्या पूर्वेला लावा, म्हणजे मतलई थेट झाडात शिरेल. दोन झाडांत किमान दोन फूट अंतर ठेवा आणि जमिनीलगतची, पहिल्या घोसाच्या खालची पानं व बगलफूट (पानाच्या बगलेतून फुटणारे कोंब) काढून टाका. खालून हवा खेळली की दव लवकर उडतं, करपाही कमी येतो.

ऊन किती तास मिळतं ते मोजा

टोमॅटोला किमान सहा तास थेट ऊन हवं. आपण जागा बघतो पावसाआधी, मे महिन्यात, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सगळं अंगण लख्ख असतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला भर दुपारी दहा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे साधारण साडेआठ फूट पडते. घराच्या उत्तरेला लावलेली झाडं नेमकी फुलोऱ्याच्या दिवसांत सावलीत जातात. आंबा-फणस दक्षिणेला असेल तर सावली कितीतरी लांब जाते. उन्हाला हपापलेलं झाड उंच जातं, पेरं लांब सोडतं आणि पहिले घोस सरळ टाकून देतं. अशा झाडाला खालून कितीही द्या, ते ऐकणार नाही. कुंडी असेल तर हलवा, जमिनीत असेल तर दक्षिणेकडच्या फांद्या छाटता येतात का बघा.

खत: काय थांबवायचं, काय द्यायचं

दर आठवड्याला शेणाची स्लरी, मधे जीवामृत, वरून मूठभर युरिया, आणि मासे धुतलेलं पाणी रोजच. हे सगळं नत्र आहे. नत्र जास्त झालं की खोड अंगठ्याएवढं होतं, पानं गडद होऊन शेंड्याकडे खाली वळतात, बगलफूट थांबत नाही, कधी कधी घोसाच्या टोकालाच पान फुटतं. झाड वाढायच्या नादात राहतं. अशा झाडाचं सगळं नत्र तीन आठवडे बंद करा, बगलफूट काढा आणि पाणी थोडं ताणून द्या. पुढचे घोस धरू लागतात.

पहिली कळी दिसल्यापासून पालाश लागतं. ज्यांच्या घरी चूल किंवा न्हाणीचा बंब पेटतो त्यांच्याकडे ते फुकट आहे. झाडामागे मूठभर चाळलेली राख बुंध्यापासून वीतभर लांब मातीत मिसळा आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा द्या. राख आणि युरिया किंवा ताजं शेण एकत्र करू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. राख नसेल तर कृषी केंद्रात मिळणारं ०:५२:३४ हे विद्राव्य खत लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारा.

आपल्या मातीची एक खोड मात्र खरी आहे. जांभ्याची लाल माती, त्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. चुना आणि बोरॉन दोन्ही धुऊन जातात, माती आंबट होते. बोरॉन कमी पडला तर स्त्रीकेसराच्या टोकावर पडलेल्या परागकणाला नळी फुटून खाली उतरता येत नाही. पराग पडूनही फळ धरत नसेल आणि शेंड्याची पानं जाड, कडक, सहज मोडणारी वाटत असतील, तर बोरिक ॲसिड लिटरला १ ग्रॅम असं फुलोऱ्याच्या सुरुवातीला एकदा फवारा, गरज वाटली तर पंधरा दिवसांनी आणखी एकदा. एवढंच. बोरॉन जास्त झाला तर पानांच्या कडा जळतात, आणि कुंडीतल्या थोड्या मातीत तो काढून टाकता येत नाही. चुन्यासाठी आधी माती तपासून घ्या. टोमॅटोला ६ ते ६.८ सामू (पीएच) मानवतो. विरवलेला चुना लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी वाफ्यात मिसळायचा. झाड उभं असताना बुंध्याशी चुना टाकू नका. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात माती तपासायची सोय आहे.

फूल टिकवायची संजीवकं दुकानात मिळतात. बाटलीवर लिहिलेलं खोटं नसतं, फूल देठाला टिकतं. पण पराग न पडता वाढलेलं फळ बिनबियांचं, आतून पोकळ, वेडंवाकडं निघतं, आणि मात्रा थोडी चुकली की शेंडा वळतो. घरच्या सारासाठी लावलेल्या पाच-सहा झाडांवर ती मारावीत असं मला मुळीच वाटत नाही. जे बोटाच्या टिचकीने होतं त्याला बाटली कशाला?

पाण्याचं थोडक्यात. जांभ्याची माती पाणी धरत नाही. एक दिवस चिखल आणि दोन दिवस कोरडं, असं झालं की झाड फुलं आणि मुगाएवढी फळं टाकतं. बुंध्याभोवती पातेरा, भाताचा पेंढा किंवा नारळाची सोडणं चार बोटं जाड अंथरा आणि थोडं थोडं पण नेमाने पाणी द्या.

बी निवडताना, आणि काही झाडं सोडून देताना

मोठ्या फळांच्या जातींपेक्षा चेरी टोमॅटो उकाडा जास्त सोसतो. पहिल्यांदाच लावणाऱ्याने निदान दोन झाडं त्याची ठेवावीत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा हायब्रिड-१ ही जात उष्ण रात्रींतही फळ धरावं म्हणूनच काढलेली आहे. बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देते. कोकणात मर फार, म्हणून मला ती मोलाची वाटते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी पूर्वेचा वारा दुपारपर्यंत टिकतो, खारा वारा उशिरा सुटतो आणि किनाऱ्यावर पारा ३७-३८ पर्यंत चढतो. त्यानंतर आठवड्याभराने गळ दिसेल. धरलेली फळं सांभाळा, दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी बांधा, पण नवीन फुलांमागे धावू नका. एप्रिलमध्ये फुलोऱ्यात आलेलं मोठ्या फळाचं झाड ठेवण्यात अर्थ नाही. ते काढून तिथे चवळी किंवा भेंडी टाका, दीड-दोन महिन्यांत भाजी मिळेल.

शेंड्याची पानं चुरमडून बारीक पिवळी झाली असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्या झाडाला फळ धरणार नाही. उपटून बागेबाहेर न्या, नाहीतर शेजारची झाडंही जातील. आणि हिरवंगार झाड पानं पिवळी न पडता दोन दिवसांत मान टाकत असेल, तर बुंध्याजवळचा खोडाचा वीतभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागे खाली उतरताना दिसले तर ती जिवाणूजन्य मर. झाड मुळासकट काढा, विळा-कोयता धुऊन घ्या, आणि त्या जागी पुढची तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची यांतलं काही लावू नका. टोमॅटो हवाच असेल तर बाहेरची माती आणून पिशवीत लावा, आणि त्या वाफ्याचं पाणी पिशवीखाली वाहत येणार नाही अशी उंच जागा बघा.